अर्ध्या नखाएवढं टोक

आमच्या वर्गात सुई तुटली की ती पुन्हा जुळवावी लागायची. वापरायला नव्हे, दाखवायला. जेवढे तुकडे झाले असतील तेवढे शोधायचे, वहीच्या पानावर एकापुढे एक ठेवून अख्खी सुई तयार करायची, वरून चिकटपट्टी लावायची आणि वही मॅडमपुढे धरायची. मॅडमची सही झाली की कपाटातून नवी सुई. एक तुकडा जरी कमी असला तरी सुई नाही, आणि शिवत असलेला कपडाही जप्त. मॅडम पूर्वी नागपूरकडे तयार कपड्यांच्या एका कारखान्यात होत्या. तिथून त्यांनी दोन गोष्टी सोबत आणल्या होत्या, एक पाठदुखी आणि दुसरा हा नियम. आम्ही दोन्हींची नक्कल करायचो.

मी जरा कमी करायची, कारण मला सुईची भीतीच होती. सुईला भिणारी मुलगी शिवण शिकायला गेली कशाला, असं कोणीही विचारेल. त्याचं उत्तर असं की मी सगळ्यालाच भ्यायची. कुकरच्या शिट्टीला, एसटीच्या ड्रायव्हरला, शेजारच्यांच्या कोंबड्यालासुद्धा. बी.एस्सी.ला ॲसिडच्या बाटलीला भ्याले आणि दोनदा आपटले. यवतमाळात आमचं घर म्हणजे आजोबांपासून सगळे कारकून. कोणी तहसिलात, कोणी पोस्टात. या घराण्याने आजवर शाईशिवाय दुसरं काही सांडलेलं नाही. वडिलांनी चष्मा कपाळावर चढवून सांगितलं, "हा दोन वर्षांचा ड्रेस डिझायनिंगचा कोर्स कर. जमला त ठीक, नाही त मंग स्थळं पाहाले लागू." हे ते धमकी म्हणून बोलले नव्हते. बदलीची तारीख सांगावी तसं सरळ बोलले होते, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

सुईची भीती मात्र आईने लावलेली. लहानपणी आईच्या हातून सुई पडली की घरातलं सगळं काम थांबायचं. पंखा बंद, झाडू बंद, आम्ही भावंडं जिथे असू तिथे पाय न हलवता उभी. "सुई अंगात शिरली का निंगत नाही," आई म्हणायची. "रक्तासंगं फिरते. फिरत फिरत काळजात जाते." डॉक्टर यावर काय म्हणतात ते आता मला माहीत आहे. पण सात वर्षांची असताना छातीवर हात ठेवून ऐकलेली गोष्ट डॉक्टरच्या सांगण्याने जात नाही.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी प्रत्येकीने स्टेजवर घालायचा एक ड्रेस करायचा होता. अट अशी की तो नुसता टांगून चालणार नाही. गॅदरिंगमध्ये कोणीतरी तो घालून तीन मिनिटं नाचलं पाहिजे, तरच मार्क. "शेवटच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोळे दिपले पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "जवळून कसा दिसते, थे मले सांगू नका."

मी वाघीण करायचं ठरवलं. मोर चौघींनी आधीच धरला होता, आणि खरं सांगायचं तर भित्र्या माणसाला वाघीणच सुचायची. नारिंगी सॅटिनचा घेरदार घागरा, त्यावर काळ्या टिकल्यांचे पट्टे, आणि वर घट्ट चोळी: आतून अस्तर, मध्ये फोम, बाहेरून सोनेरी चकचकाट. तो चकचकाट कुठून आणायचा हा प्रश्न होता. टिकल्या लावून पाहिल्या, त्या दिव्याखाली मिणमिणत होत्या. मग एक दिवस बाजारात बैलांच्या साजाच्या दुकानापुढे माझे पाय थांबले. पोळा होऊन तीन-चार महिने झाले होते. उरलेला माल पोत्यात भरून दारात ठेवला होता: झुलीचे आरसे, घुंगरू, आणि पत्र्याच्या सोनेरी चांदण्या. ऊन पडल्याबरोबर ते पोतं असं लखलखलं की मी तिथेच हात घातला.

"किती जोड्या हाय बाई तुमच्याकडं?" दुकानदाराने विचारलं.

"एकच हाय," मी म्हटलं, "पण स्टेजवर नाचते."

त्याने माझ्याकडे दोनदा पाहिलं आणि चांदण्या तोलून दिल्या.

मॅडमनी एक चांदणी नखाने वाजवून पाहिली. "हा पत्रा हाय. बैलाची कातडी जाड असते, पोरी. एकेक चांदणी हातानं लाव, कोपरे वाकवून घे. मशीनखाली एकबी जाता कामा नाही." मी मान डोलावली. मान डोलावण्यात आमच्या घराण्याचा हात कोणी धरणार नाही.

नाचायला पहिल्या वर्षाची एक मुलगी मिळाली. पांढरकवड्याच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका गावातली. होस्टेलवर राहायची. काटक, काळीसावळी, हसली की सगळे दात दाखवणारी. वर्गात पाल निघाली तर आम्ही बाकावर चढायचो आणि ती तिला शेपटीला धरून बाहेर नेऊन सोडायची. मला ती ताई म्हणायची आणि अगंतुगं करायची, सख्खी असल्यासारखी. माझ्या धाकट्या बहिणीनेही मला इतक्या हक्काने कधी हाक मारलेली नाही.

तिची मापं घेताना मी विचारलं, "खराखुरा वाघ पाह्यला का वं तू?"

"पाह्यला ना. दोन डाव. पंजे त नेहमीच दिसते."

"भेव नाही लागत?"

"लागते ना. पण थे नंतर." ती हात वर करून उभी होती, माझी टेप तिच्या छातीभोवती. "आमच्याकडं पंजा दिसला का सरळ घरी नाही जात. आधी साऱ्या गावातून जायाचं. एकेका दारापुढं उभं राहून सांगाचं, अमुक वाटेनं गेला, नाल्याकडं गेला. सारे दारं झाले का मंग आपल्या घरी जायाचं. मंग भ्याचं."

"आन एखाद्यानं नाही सांगितलं त?"

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. प्रश्नच कळला नाही असं ते पाहणं होतं. "कायले नाही सांगणार?" ती म्हणाली.

मी टेप सोडली आणि वहीत लिहिलं, छाती तीस.

गॅदरिंगच्या दिवशी सकाळी अकरा वाजता माझी चोळी डाव्या कुशीला अजून उघडीच होती. चाळीस चांदण्या मी हाताने लावल्या होत्या, बोटांची चाळण झाली होती. आता अस्तर बंद करायची वीतभर शिवण तेवढी राहिली होती, आणि ती मशीनवर मारायची होती. बाकीच्या सगळ्या हॉलवर पडदे बांधायला गेल्या होत्या. वर्गात मी एकटी. घाई होती. मी कापड दुमडलं, सुईखाली सरकवलं आणि पाय दाबला. दुमडीत एक चांदणी उलटी वळून बसली होती, ती मला दिसली नाही. दिसली नाही म्हणजे मी हात फिरवून पाहिलंच नाही.

टक् असा आवाज झाला आणि मशीन नुसतंच घरघरत राहिलं.

सुईचा वरचा बुंधा स्क्रूमध्ये तसाच अडकलेला होता. मधला तुकडा खालच्या चकचकीत पट्टीवर पडला होता. टोक नव्हतं. मी उठून आधी पंखा बंद केला. आईसारखाच.

टोक ते केवढं, अर्ध्या नखाएवढं. टेबलावर पाहिलं, मांडीवर पाहिलं, ओढणी झटकली, बॉबिनची जागा उघडून तिच्यात टॉर्च मारला. खिडकीच्या खिळ्याला मॅडमचा लोहचुंबक लाल फितीने टांगलेला असायचा. तो घेऊन गुडघ्यांवर बसून अख्खी फरशी फिरले. दोन टाचण्या मिळाल्या आणि कोणाच्या तरी कानातल्याचा मळसूत्री फिरकीचा तुकडा. मग तो मी चोळीजवळ नेला. लोहचुंबक चोळीला असा चिकटला की ओढून काढावा लागला. दुसरीकडे लावला, तिथेही तेच. चाळीसच्या चाळीस चांदण्या लोखंडाच्या. झुलीत सुईचं टोक शोधायची वेळ कोणावर येत नाही, म्हणून पोळ्याच्या मालाचा हा गुण आजवर कोणाला कळला नसावा. मला कळला, आणि तोही गॅदरिंगच्या दिवशी.

ब्लेडने शिवण चार बोटं उसवली आणि आत बोट घातलं. फोमशिवाय काही लागेना. फोम मी अस्तराला गोंदाने चिकटवून टाकला होता, चोळीवर सुरकुती पडू नये म्हणून. त्याच्या पोटात टोक बसलं असेल तर बोट फिरवून ते कळणार नव्हतं. अंगाचा भार पडला की मग कळणार होतं. आणि या नाचात वाघीण तीनदा जमिनीवर लोळायची होती. ती लोळण मीच बसवली होती. नीट शोधायचं तर चोळी फाडून फोम उपटावा लागला असता, म्हणजे ड्रेस संपला. पाचला कार्यक्रम सुरू.

नियम सोपा होता. दोन तुकडे घ्यायचे, हॉलवर जायचं, मॅडमला सांगायचं. मॅडमनी ड्रेस जप्त केला असता. ड्रेस नाही तर नाच नाही, नाच नाही तर मार्क नाहीत, आणि संध्याकाळी पहिल्या-दुसऱ्या रांगेत वडील इस्त्रीचा शर्ट घालून बसणार होते. मी दोन तुकडे रुमालात बांधले. माझ्या पर्समध्ये बाहेरून आणलेली एक सुई होती, मनाई असूनही. ती मशीनला लावली आणि उसवलेली शिवण पुन्हा मारली. कोंबड्याला भिणाऱ्या बाईचा हात तेव्हा जराही थरथरला नाही. हे मला आजही लागतं.

शिवता शिवता मी स्वतःला पटवत होते की टोक उडून कुठेतरी फटीत गेलं असेल. फरशीला फटी पुष्कळ होत्या.

साडेबाराला ती नाचणारी पोर ट्रायलला आली. मी तिच्या पाठीमागचे सातही हुक लावले. तिने हात वर केले, डावीकडे वाकली, उजवीकडे वाकली, आणि पुन्हा डावीकडे वाकताना थांबली.

"ताई, टोचून राह्यलं."

"कुठी?"

"इथी. बरगडीवर."

मी खाली बसून पाहिलं. तिथल्या एका चांदणीचा कोपरा खरोखरच बाहेर आला होता. देवाने तो माझ्यासाठीच बाहेर काढून ठेवला असावा, असं तेव्हा वाटलं. मी पकडीने तो आत वाकवला. "चांदणी होती," म्हटलं. "आता नाही टोचत."

"चांदणीच होती?"

"हो."

"आतून टोचलं ना मले."

"बाहेरूनच दाबल्या जाते ते. आत लागल्यासारखं वाटते."

"बरं," ती म्हणाली, "काढून ठेवतो. मले भूक लागली." मी हुक सोडले आणि ती कपडे बदलायच्या पडद्यामागे गेली. तिथे तिला बराच वेळ लागला. मी हाक मारणार तेवढ्यात ती चोळीची नीट घडी घालून बाहेर आली, घडी माझ्या हातात दिली आणि जेवायला निघून गेली.

त्यानंतरचे चार तास कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. मेसमध्ये ताट वाढून घेतलं आणि तसंच परत ठेवलं. चोळीची घडी मी मांडीवर घेऊन बसले होते. तळहाताने दाबून बघायची, काही लागलं नाही की बरं वाटायचं, आणि पुढच्याच क्षणी वाटायचं की टोक जरा सरकलं असेल. एवढ्यात आईचा फोन आला.

"झाला का वं ड्रेस?"

"झाला."

"सुया मोजल्या ना साऱ्या?"

आई दर वेळी हे विचारते. बटण लावलं तरी विचारते. "मोजल्या," मी म्हटलं. ती म्हणाली, तुझ्या बाबांनी दाढी करून ठेवली आहे सकाळपासून, आणि हसली.

मग मला एक युक्ती सुचली. वर्गाचं दार लोटलं आणि ती चोळी मीच अंगात घातली. तीस छातीची चोळी आणि मी छत्तीसची, सातांतला एकही हुक लागेना. डाव्या हाताने मागचं कापड मुठीत गच्च धरलं आणि फरशीवर आडवी झाले. डाव्या कुशीवर लोळले. पुन्हा लोळले. बरगडीखाली मूठ घालून दाबलं. डोळे मिटून वाट पाहत होते, आता टोचेल, आता टोचेल. टोचावं असंही वाटत होतं आणि टोचू नये असंही. काहीच टोचलं नाही. पण हुक लागलेले नव्हते, कापड सैल होतं, तेव्हा यावर विश्वास ठेवायचा की नाही तेही कळेना.

दार उघडलं. मॅडम उभ्या होत्या. फरशीवर मी, अर्धी वाघीण, अर्धी सलवार.

"काय करून राह्यली वं तू?"

"फिटिंग पाहून राह्यली, मॅडम."

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना पाठीला हात लावावा लागला. "आधी तिले नाचू दे, बापा. मंग तू घाल आन जा घरी." मग त्या जाता जाता मशीनपाशी थांबल्या. "या ड्रेसवर एकबी सुई नाही तुटली ना? तुह्यं पानच नाही आलं माह्याकडं."

रुमाल माझ्या पर्समध्ये होता, पर्स हाताच्या अंतरावर होती.

"नाही, मॅडम."

"शाबास. यंदाची पहिलीच पोट्टी हाय तू." माझ्या डोक्यावर हात ठेवून त्या गेल्या.

त्या हाताखाली मला जमिनीत गेल्यासारखं झालं. कोणी रागावलं की मी भिते हे मला माहीत होतं. कोणी शाबास म्हटल्यावर एवढी भीती वाटते, हे त्या दिवशी कळलं.

संध्याकाळ झाली. हॉल भरला. मागची पोरं शिट्ट्या मारत होती, डफ आणि ढोल वाजवणारी पोरं तापली होती. विंगेत ती वाघीण होऊन उभी राहिली. चेहऱ्यावर पिवळा रंग, गालांवर काजळाच्या मिशा, केस मोकळे. मी तिचे हुक लावले.

"लोळण जरा कमी घेजो," मी म्हटलं. "एकच घे."

"काहून?"

"टिकल्या उडतीन."

"उडू दे ना. तूच त शिकवल्या तीन."

ती वळून माझ्यासमोर उभी राहिली. "ताई, काही सांगाचं हाय का तुले?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. मला वाटलं हिला माझं तोंड दिसतंय, पर्समधला रुमाल दिसतोय, सगळं दिसतंय. दुपारपासून मी तिघींशी बोलले होते, आणि तिघींनाही काही सांगितलं नव्हतं. आता सांगितलं तर चालेल, अजून वेळ आहे, असं मनात आलं. मी तोंडही उघडलं. तेवढ्यात निवेदकाने ड्रेसचं नाव घेतलं, त्याच्यामागून माझं घेतलं, आणि दुसऱ्या रांगेतून वडिलांची टाळी मला ओळखू आली. त्यांची टाळी एकट्याची असते, सावकाश, फायलीवर शिक्का मारल्यासारखी.

"पाय जपून टाकजो," मी म्हणाले.

ती अजून एक क्षण माझ्याकडे पाहत राहिली. "बरं," म्हणाली आणि चार पायांवर होऊन उजेडात गेली.

चांदण्यांनी दिव्यांचा उजेड असा उचलला की सगळा हॉल एकदम ओरडला. शेवटच्या खुर्चीवरच्या माणसाचे काय, रस्त्यावरच्या माणसाचेही डोळे दिपले असते. एवढा झळाळ मी केला होता, आणि मला त्यातली एक डावी बरगडी तेवढी दिसत होती. ती सरपटत पुढे आली, दबा धरून बसली, मान फिरवली. ढोल चढला. तिने पहिली लोळण घेतली आणि मी विंगेचा पडदा दोन्ही हातांनी धरला. ती उठली. दात विचकले. ते वाघिणीचे दात होते की कळ आल्याचे, हे ठरवता येईना. नाचात तिने जिथे जिथे तोंड वाकडं केलं, तिथे तिथे मला टोक आत शिरताना दिसलं. दुसऱ्या लोळणीत ती बरोबर डाव्या कुशीवर पडली, पूर्ण भाराने. मी डोळे मिटले. रक्तासंगं फिरते, फिरत फिरत काळजात जाते. मी मनातल्या मनात सौदे करू लागले. देवा, मला नापास कर. देवा, मला दे कुठल्याही घरी. टोक माझ्या अंगात जाऊ दे.

तिसऱ्या लोळणीनंतर ती उठली नाही.

मी बसवलेल्या नाचात हे नव्हतं. ती डाव्या कुशीवर पडून राहिली, केस तोंडावर, हात पोटाशी. ढोलवाल्याने एक ठोका चुकवला. हॉल गप्प झाला. मी एक पाय उजेडात टाकला, हे मला नंतर कोणीतरी सांगितलं. आणि मग ती अशी झेपावली की पुढच्या रांगेतली लहान मुलं किंचाळली. शिट्ट्या, टाळ्या, बाकं वाजली. तिने ते स्वतःच्या मनाने घातलं होतं. वाघीण मेल्यासारखी पडते आणि मग उठते, असं तिला दाखवायचं होतं म्हणे.

मार्क बरे पडले, तेही सांगून टाकते.

कपडे बदलायच्या खोलीत ती बाकावर बसून पाणी पीत होती. रंग गळ्यापर्यंत ओघळला होता. मी तिच्यापुढे उभी राहिले. "लागलं का वं कुठी?"

तिने मान हलवली, नाही म्हणून. मग पिशवीत हात घालून वही काढली, पहिल्या वर्षाची, आमच्यासारखीच सुयांची वही. मधलं एक पान उघडलं. पानावर चिकटपट्टीखाली एकच तुकडा होता, अर्ध्या नखाएवढा. तिने चिकटपट्टी हळूच सोडवली आणि तुकड्यासकट माझ्या तळहातावर ठेवली.

"तुह्यं हाय," ती म्हणाली. "दुपारीच सापडलं. पडद्यामागं नखानं काढलं मी."

"मंग सांगितलं काहून नाही?" मी विचारलं. मी विचारलं हे.

"मी कायले सांगू? मले त माहीत होतं." ती अजिबात रागावलेली नव्हती. "मी तुह्यी वाट पाहून राह्यली होती. म्हटलं, जेवून आलो का सांगन. मंग म्हटलं, हुक लावता लावता सांगन. मंग त मीच विचारलं तुले."

टेप लावताना माझ्याकडे पाहिलं होतं, तसंच तिने आताही पाहिलं. कळत नव्हतं तिला, खरंच कळत नव्हतं. मला फार शरम वाटली. आयुष्यात मी हजार गोष्टींना भ्याले असेन, पण त्या पोरीच्या त्या नजरेसमोर उभं राहणं त्या सगळ्यांहून कठीण होतं.

तिने पाण्याची बाटली खाली ठेवली. "हुक काढून दे ना, ताई. माहा हात पुरत नाही." आणि तिने माझ्याकडे पाठ केली.

मी वरून सुरुवात केली. हात इतके कापत होते की एकेका हुकाला दोनदा-तीनदा धरावं लागलं. चौथ्या हुकानंतर चोळी सैल झाली आणि डाव्या बरगडीवरचा ओरखडा दिसला, बारीक, लालसर, दुपारीच सुकून गेलेला. अजून तीन हुक राहिले होते. माझे ते सोडून होईपर्यंत ती तशीच उभी राहिली, केस पुढे घेऊन, मागे वळून न पाहता.